होडीची मोटार व तिच्या इंधनाची वाट

समुद्रकाठच्या समाजाचा इतिहास लिहिताना लेखक बहुधा शिडापाशी थांबतात. गलबते, मचवे, त्यांवरील तांडेल व खलाशी, वाऱ्याची आणि भरतीओहोटीची त्यांना असलेली सूक्ष्म जाण, यांविषयी आपल्याकडे आदराने लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या दोन-तीन पिढ्यांत किनाऱ्यावरील जीवनात जो सर्वांत मोठा पालट झाला, तो शिडामुळे नव्हे, यंत्रामुळे झाला. आणि त्या यंत्राची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे, असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कर्त्या पुरुषांची चरित्रे, जुन्या वास्तूंचे वृत्तांत व गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या यांच्या शेजारी होडीच्या पिछाडीस टांगलेल्या एका मोटारीची कथा पाहून काही वाचकांस नवल वाटेल. तथापि आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांचा चरितार्थ दर्यावर चालतो, त्यांना त्यात नवल वाटावयाचे नाही.

शिडाची होडी वारा पडला म्हणजे थांबत असे. पण ती का थांबली, हे तांडेलास ठाऊक असे. वारा केव्हा उठेल, याचाही त्याचा अंदाज असे. आज मोटार थांबली, तर ती का थांबली, हे होडीवरील चौघांपैकी एकासही सांगता येत नाही, असा प्रसंग पुष्कळदा येतो. जे साधन आपल्याला किनाऱ्यावर परत आणते, त्याविषयीचे हे अज्ञान केवळ गैरसोयीचे नाही, ते धोक्याचे आहे. अडलेल्या मोटारीचे दुखणे पुष्कळदा तिच्या पोटात नसून इंधनाच्या वाटेत असते. म्हणून त्या वाटेचाच इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आम्ही योजिला आहे. वाट कशी घडत गेली हे कळले, म्हणजे ती कोठे तुंबते हेही आपोआप कळते.

वल्ह्यांकडून मोटारीकडे

होडीच्या बाहेर टांगावयाची, हवी तेव्हा लावता व काढता येणारी मोटार ही मूळची अमेरिकेतील कल्पना. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या तरुणाने १९०५ साली डेट्रॉइट नदीवर अशा मोटारीची चाचणी घेतली. परंतु ही मोटार घरोघर पोहोचविण्याचे श्रेय ओल एव्हिनरूड या गृहस्थास दिले जाते. त्याचा जन्म १८७७ साली नॉर्वेत झाला. तो लहान असतानाच त्याचे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात जाऊन स्थायिक झाले. शेतकऱ्याचा हा मुलगा सोळाव्या वर्षी घर सोडून यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला आणि पुढे मिलवॉकी शहरात त्याने स्वतःचा कारखाना थाटला.

त्याच्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या दिवशी सरोवराच्या पैलतीरावरून वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास तो होडी वल्हवीत गेला. परत येईतो ते वितळून गेले, आणि वल्ह्यांना पर्याय शोधण्याचा त्याने निश्चय केला. कथेत रंग किती व तथ्य किती, हा प्रश्न बाजूस ठेवू. एवढे मात्र खरे की १९०९ साली त्याची मोटार विक्रीस आली. दीड अश्वशक्तीची, सुमारे ६२ पौंड वजनाची व ६२ डॉलर किमतीची ती मोटार होती. त्याची पत्नी बेस हिने व्यापाराची बाजू सांभाळली. वल्ही आता टाकून द्या, अशा आशयाची तिची जाहिरात त्या काळी फार गाजली. पतीने यंत्र घडवावे आणि पत्नीने हिशेब व पत्रव्यवहार पाहावा, हा त्यांचा संसार आपल्या बंदरांवरील कित्येक घरांना परिचयाचा वाटेल. कारण आपल्याकडेही मासळी पुरुषाने आणावी आणि तिचा बाजार व पैसा स्त्रीने सांभाळावा, ही रीत जुनीच आहे.

१९२२ साली जॉन्सन बंधूंनी सुमारे ३५ पौंड वजनाची हलकी मोटार काढली. १९३९ साली कार्ल कीकहेफर याने विस्कॉन्सिनमधीलच सीडरबर्ग येथे एक बुडीत कारखाना विकत घेतला. त्या कारखान्याच्या शेकडो मोटारी नीट चालत नाहीत म्हणून गिऱ्हाइकाने नाकारलेल्या होत्या. त्या दुरुस्त करून त्याच गिऱ्हाइकाच्या पदरी घालण्यापासून त्याने आरंभ केला, आणि त्यातून मर्क्युरी हे नाव पुढे आले. पहिल्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत सुरू झालेला हा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननेही उचलला. तोहात्सूची पहिली मोटार १९५६ साली, तर यामाहाची १९६० साली निघाली. काळाची गती अशी की, ज्या एव्हिनरूडच्या नावाने हा व्यवसाय ओळखला जाई, त्या नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० साली बंद झाले.

टाकीची तीन स्थित्यंतरे

आरंभीच्या मोटारींत इंधनाची टाकी मोटारीच्या माथ्यावरच असे. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरत असे. विहिरीवरील उंच हौदातून पाटात पाणी सोडावे, तसाच हा प्रकार. त्यात बिघडण्यासारखे फार थोडे होते: टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र, तळाची तोटी, गाळणी आणि कार्ब्युरेटर. पण टाकी लहान असल्यामुळे ती वारंवार भरावी लागे, आणि हलत्या होडीत तापलेल्या यंत्रावर पेट्रोल ओतणे म्हणजे आगीशी खेळ होता.

दुसरे स्थित्यंतर १९४९ साली आले. जॉन्सन कंपनीने आपल्या दहा अश्वशक्तीच्या मोटारीसोबत सुटी टाकी दिली. ती होडीच्या तळाशी ठेवावयाची व नळीने मोटारीस जोडावयाची. आता टाकी खाली व कार्ब्युरेटर वर. इंधन वर चढविणार कोण? त्यासाठी मोटारीच्या पोटातील हवेचा दाब एका नळीने टाकीत नेण्यात आला, आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर ढकलले जाऊ लागले. युक्ती नामी होती. परंतु टाकीच्या झाकणाची रबरी चकती जराशी सुकली की दाब निसटे व मोटार उपाशी राहे. शिवाय दाबाखालील पेट्रोल गळू लागले, तर ते बेताने गळत नसे.

तिसरे स्थित्यंतर १९५०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी रूढ झाले, आणि तेच आजवर चालत आले आहे. दाबाची टाकी जाऊन तिच्या जागी मोटारीवर एक छोटा पंप आला. या पंपात पातळ पडदा असतो, त्यास कारागीर डायफ्रॅम म्हणतात. दोन धक्क्यांच्या मोटारीत दट्ट्या खालीवर होताना खालच्या कोठीतील हवा आळीपाळीने दबते व विरळ होते; त्या स्पंदनांनी हा पडदा आत-बाहेर हलतो आणि टाकीतील इंधन ओढून घेतो. मोटार सुरू होण्यापूर्वी पडदा हलणार नाही, म्हणून आरंभीचे इंधन हाताने चढविण्यासाठी नळीत एक रबरी फुगा बसविलेला असतो. त्याच्या दोन्ही तोंडांशी एकाच दिशेने उघडणारी झडप असते. फुग्यावरील बाण नेहमी मोटारीकडे असावा लागतो.

भारतीय किनाऱ्यावर

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा एक मोठा प्रयोग केरळात झाला, आणि त्याचा धागाही योगायोगाने नॉर्वेशीच जुळतो. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन कोल्लमजवळील नींडकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. देशी होड्यांना यंत्र बसविण्याचा तेथील आरंभीचा विचार टिकला नाही. लाटा फोडून वाळूवर ओढून घ्यावयाच्या त्या होड्यांना आत पक्के बसविलेले यंत्र व खाली पाण्यात राहणारा पंखा सोसण्यासारखा नव्हता. म्हणून नव्या धाटणीच्या बोटी बांधण्यात आल्या. त्यांचा लाभ झाला, पण ज्याच्याकडे केवळ जुनी होडी होती, त्याचे वल्हे तसेच राहिले.

त्या गरीब होडीस यंत्र मिळाले ते १९८०च्या दशकात, बाहेर टांगावयाच्या मोटारीच्या रूपाने. वाळू जवळ आली की मोटार वर उचलून घ्यावी, इतकी ती सोयीची. थोड्याच वर्षांत केरळचा किनारा या मोटारींच्या आवाजाने भरून गेला. आपल्या कोकणकिनाऱ्यावरही उथळ खाड्या व वाळूचे किनारे असलेल्या भागांत लहान होड्यांना हीच मोटार मानवली. पेट्रोल महाग, म्हणून रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी आल्या. रॉकेल थंड यंत्रात नीट उडत नाही, म्हणजे त्याची वाफ होत नाही. यास्तव ही मोटार पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घ्यावी लागते, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावी लागते. ही शेवटची पायरी जो गाळतो, त्याच्या कार्ब्युरेटरात रॉकेल साचून राहते, आणि दुसऱ्या पहाटे दोरी ओढून ओढून त्याचे हात भरून येतात.

मोटारी आल्या तशी त्यांच्या दुरुस्तीची गरजही आली. १९८० साली स्थापन झालेल्या दक्षिण भारतातील मच्छीमार संस्थांच्या महासंघाने मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळा चालविल्या. मच्छीमारांच्या संस्थेने केवळ मासळीचा भाव न पाहता पाना व पक्कडही हाती घ्यावी, हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

अडल्या मोटारीची नाडीपरीक्षा

आता ज्या हेतूने हा इतिहास सांगितला, त्याकडे वळू. मोटार समुद्रात अडली, तर प्रथम नांगर टाकावा. होडी प्रवाहाबरोबर खडकाकडे जात असता यंत्र खोलून बसणे शहाणपणाचे नव्हे. विडी विझवावी. नंतर वैद्य जसा एकेक लक्षण विचारतो, तसे टाकीपासून मोटारीपर्यंत क्रमाने जावे.

सर्वांआधी दुखणे इंधनाचे की ठिणगीचे, हे ठरवावे. काही वेळ दोरी ओढून प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर इंधन पोहोचलेले नाही. ओला असेल, तर इंधन पोहोचले आहे. मग ठिणगीकडे, अथवा इंधन प्रमाणाबाहेर जात असल्यास कार्ब्युरेटरकडे पाहावे.

प्लग कोरडा निघाला, तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला, तर इंधन जसे कमी होते तशी टाकीत पोकळी निर्माण होते. अशी मोटार काही वेळ उत्तम चालते, मग मरते, आणि थोडी विश्रांती दिल्यावर पुन्हा सुरू होते. हे लक्षण दिसताच झाकणाकडे हात गेला पाहिजे. पुष्कळ मोठ्या दुखण्यांचे औषध येथे एका बोटाच्या फेऱ्यात असते.

यानंतर फुगा. फुगा ही या साऱ्या वाटेची नाडी होय. मोटार चालत असताना तो चपटा होत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे: बंद हवास्क्रू, टाकीतील तुंबलेली गाळणी, किंवा आतून सोलपटलेली नळी. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतल्या आत मिटलेली असते, हे विसरू नये. फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कोठे तरी हवा शिरते आहे, अथवा त्याच्या झडपा निकामी झाल्या आहेत. नळीचे सांधे व जोडाची रबरी कडी तपासावी. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहत असेल, तर तरंगत्या फ्लोटची सुई अडकली आहे असे समजावे. आणि फुगा हाताने दाबत राहिल्यास मोटार चालते, सोडल्यास मरते, असे असेल, तर मोटारीच्या पंपाचा पडदा फाटला किंवा ताठरला असण्याचा संभव मोठा, अथवा ओढीत कोठून तरी हवा येत असावी. अशा वेळी एकाने फुगा दाबावा, दुसऱ्याने सुकाणू धरावे, आणि मंद गतीने बंदर गाठावे.

फुगा घट्ट आहे, तरी मोटार दम धरीत नाही, तर पुढील स्थानके पाहावीत. मोटारीवरील गाळणीत पाणी वा गाळ साठला आहे का? इंधन काचेच्या भांड्यात घेऊन थोडे स्थिर ठेवले, तर पाणी तळाशी वेगळे दिसते. शेवटी कार्ब्युरेटर. मंद चालताना आचके देणारी व वेगात बरी चालणारी मोटार बहुधा लहान छिद्राच्या, म्हणजे मंदगतीच्या जेटच्या दोषाने अडते. मंद नीट, पण वेग देताच बसणारी मोटार मोठ्या जेटचा, पंपाचा वा गाळणीचा दोष सांगते. चोक थोडा ओढल्यावर जी सुधारते, तिला इंधन कमी मिळत आहे हे निश्चित.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. दोन धक्क्यांच्या पुष्कळशा मोटारींना वंगण स्वतंत्र मिळत नाही. ते इंधनात मिसळूनच जाते. म्हणजे इंधन कमी पडले की वंगणही कमी पडले. चोक ओढून, आचके देत देत, पूर्ण वेगाने घर गाठण्याचा हट्ट धरणारा मनुष्य आपला दट्ट्या भाजीत असतो. अर्ध्या तासाच्या घाईची किंमत मग सबंध हंगामाच्या मिळकतीने मोजावी लागते. वंगणाचे प्रमाण कारखानदाराने सांगितलेले असेल तेच ठेवावे. अंदाजाने ओतू नये.

नवे इंधन, नवी सावधगिरी

काळाबरोबर इंधनही पालटले आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हे मद्यार्क. ते हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले, म्हणजे मद्यार्क व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळीचे तोंड तर तळाशीच असते. वंगण बहुतांशी वरच्या पेट्रोलमध्ये राहते. तेव्हा मोटार खालचा थर ओढू लागली, तर ती केवळ अडतेच असे नाही, कोरडीही पडते. जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या व पडदे हे इंधन नीट सोसत नाहीत. ते मऊ पडतात अथवा फुगतात. जुनी मोटार बाळगणाऱ्यांनी नळी, फुगा व पंपाचा पडदा नव्या इंधनास योग्य असे घेऊन बदलावेत.

याचा विशेष संबंध आपल्या पावसाळ्याशी आहे. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मोटारी घरच्या पडवीत उभ्या राहतात. त्यांच्या कार्ब्युरेटरात राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट थर उरतो. तो बारीक छिद्रे बुजवितो व फ्लोटची सुई चिकटवितो. मग हंगामाच्या पहिल्याच दिवशी मोटार रुसते. उपाय सोपा आहे. मोटार ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. मोटारीचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून, इंधनाची नळी काढून, आतील पेट्रोल संपेपर्यंत ती चालवावी. आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेसुरले काढून टाकावे. पाण्याविना मोटार चालवू नये, कारण तिला थंड ठेवणारा पाण्याचा पंप त्याने जळतो.

अलीकडे चार धक्क्यांच्या व विद्युत्-नियंत्रणाने इंधन फवारणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांत वंगण वेगळे असते, धूर कमी असतो, इंधनही कमी लागते. पण त्यांचे अंतरंग समुद्रात उघडण्यासारखे नाही. तरीसुद्धा टाकी, हवेचे छिद्र, नळी, फुगा व गाळणी ही वाट त्यांतही तीच आहे. जो ही वाट जाणतो, त्यास नव्या मोटारीपुढेही अगदीच हात टेकावे लागणार नाहीत.

आमच्या पूर्वजांस आपल्या होडीची प्रत्येक फळी, प्रत्येक दोर व त्याची गाठ ठाऊक असे. दोर तुटला तर तो समुद्रातच सांधला जाई. ती विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नव्हती; बापाकडून मुलाकडे, तांडेलाकडून खलाशाकडे ती जात असे. यंत्र आले तेव्हा ते विकत मिळाले, पण त्याची विद्या विकत मिळाली नाही, आणि परंपरेचा एक दुवा तेथे निसटला. तो पुन्हा जोडणे कठीण नाही. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मोटारी किनाऱ्यावर येतात तेव्हा, प्रत्येक बंदरावर दोन दिवस एखाद्या जाणत्या कारागिराने तरुणांसमोर एक मोटार खोलून दाखवावी व तरुणांकडून ती पुन्हा जोडून घ्यावी. मुलींनाही त्यात बसवावे. ज्या घरात पैशाचा हिशेब स्त्री ठेवते, त्या घरात यंत्राची जाण तिला परकी का असावी? प्रत्येक होडीत एक प्लग, एक गाळणी, हातभर नळी, दोन पट्टे, पाना व पक्कड एवढे सामान डब्यात बंद करून ठेवावे.

समुद्रावर जाणाऱ्याची वाट घरी कोणी तरी पाहत असते. दिवेलागणीस होडी दिसली नाही, म्हणजे त्या घराचे काय होते, हे येथे लिहावयाची आवश्यकता नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ते ठाऊक आहे. हवेचा एक स्क्रू, रबराचा एक फुगा, पातळ पडद्याचा एक तुकडा, इतक्या क्षुल्लक वस्तूंवर कधी कधी ती दिवेलागण अवलंबून असते. ज्ञातीतील प्रत्येक दर्यावर्दी घरात या वस्तूंची ओळख पोहोचावी, एवढीच या लेखामागील आमची इच्छा आहे.